वाटेपलीकडे

तराउगॉट, उद्या ईस्टर.
बादली, ब्रश आणि हे दुखरे गुडघे घेऊन
हूटबेर्गच्या दफनभूमीत आलेय.
तुझ्या अक्षरांतलं शेवाळ खरवडते.

दगड सगळे सारखेच, गवताला टेकलेले;
सुतार कुठला, डॉक्टर कुठला,
हात फिरवून कळत नाही.

मोरावियातून पळून आलेल्यांनी
तीनशे वर्षांपूर्वी ठरवलं:
पुरुष या बाजूला, बायका त्या.
एकेचाळीस वर्षं एका पांघरुणात काढली आपण,
आता मधे ही लिंडनची वाट.

पहाटे अंधारातच पितळी वाद्यं वाजतील.
नातू यंदा पहिल्यांदा ट्रॉम्बोनवर.
बेसूर आहे. तुझ्यावर गेलाय.

सूर्य वर आला की पाद्री म्हणतील, प्रभू उठला आहे.
आम्ही म्हणू, खरोखर उठला आहे.

तू उठशील तेव्हा
जोडे शोधत बसू नकोस.
तिथंच थांब.
वाट मीच ओलांडेन.