पेडल, एकसष्ट टक्के

ऑरिन हॉगलंडला मी पाहिलेलं नाही.
आवाज ऐकला, तोही एकदाच,
फोनवर, वाऱ्यात अर्धा उडालेला.
बाकीचा तो मला ठाऊक आहे रकान्यांतून,
सेकंदाला वीस ओळी.
आत येणारी हवा: उणे अकरा.
म्हणजे नॉर्थ डकोटात मार्च अजून गोठलेला,
आणि इकडे लुइझियानात मी पंख्याखाली
दंडाला चिकटलेला कागद सोडवत बसलेली.

ट्रकला काय काय घातलं त्याची यादी
पहिल्याच पत्रात आली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट:
नवा कॅमशाफ्ट, लांब हेडर्स,
रुंद तोंडाचा थ्रॉटल, मोठे इंजेक्टर.
सगळं हिवाळाभर, एकट्याने, शेडमध्ये.
आणि खाली एक ओळ:
"आता ते माझं ऐकत नाही."

कसं ऐकेल?
छाती बदलली, श्वास बदलला,
डोक्यात मात्र कारखान्याने घोकून घेतलेले
जुनेच पाढे.

मी पाढे बदलते. एवढंच माझं काम.
मी फाइल पाठवते, तो ती ट्रकमध्ये भरतो,
तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांपासून सहा हजारांपर्यंत,
पेडल तळाला टेकवून जातो
आणि जे घडलं ते मला परत पाठवतो.

पहिल्या लॉगमध्ये इंजिन नुसतं उभ्या उभ्या
अकरा टक्के जास्त पेट्रोल मागत होतं.
लिहिलं, कुठूनतरी हवा चोरून शिरतेय,
मॅनिफोल्डचं गॅस्केट बघ.
उत्तर आलं: "बघितलं. लाज वाटली."

तिसऱ्यात नॉक.
चौतीसशेला आलं की संगणक
ठिणगी चार अंश मागे ओढायचा.
मी टायमिंग उतरवलं, पेट्रोल वाढवलं,
चांगल्या प्रतीचं भरायला लावलं,
तरी तेच. दोन रात्री गेल्या.
शेवटी त्यालाच ट्रकखाली झोपवलं:
हेडरची एक नळी चासीला टेकून वाजत होती,
आणि दुधाने पोळलेला तो सेन्सर
ताक फुंकत बसला होता.

पाचवा लॉग. सहावा.
बाविसाव्या सेकंदाला
पेडल शंभरावरून एकसष्टावर,
पापणी लवावी इतकाच वेळ,
की पुन्हा शंभर.
दोन्हींत. मग मागचे उघडले, त्यांतही.
सेन्सर? वायर? तळाशी अडकलेली चटई?
विचारलं. दिवसभर उत्तर नाही.
संध्याकाळी फोन.

"तिथे लुंडेंचं घर आहे," तो म्हणाला,
"त्यांचा कुत्रा रस्त्यातच झोपायचा.
डांबर ऊन असतं ना."
"झोपायचा?"
"गेला तो. तीन वर्षं झाली."
मग नुसता वारा.
मग: "मी पाय उचलतो,
हे मला माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, दुसरा रस्ता घे.
त्याने धान्याच्या कोठारामागचा घेतला.
सातवा लॉग: मिश्रण साडेबारा, नॉक शून्य,
पेडलची रेघ ओळंब्याच्या दोरीसारखी.
लिहिलं, झालं. ही शेवटची फाइल.
पैसे आले, वर वीस डॉलर,
ते कशाचे, त्याने सांगितलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस आणखी एक लॉग आला,
न मागता, शब्दही न लिहिता.
आतली हवा सहा अंश. वेग बेताचा,
मागे काहीतरी जड लादलेलं असावं.
आठव्या मिनिटाला पेडल शून्य,
मग ब्रेक, मग वेगही शून्य,
आणि तो शून्यच राहिला
एक मिनिट दहा सेकंद.

लुंडेंनी नवा कुत्रा आणला असेल.
किंवा नसेलही.
तेवढा रकाना लॉगमध्ये नसतो.
इंजिन मात्र सातशेवीसवर
न थरथरता उभं होतं.