कोरडा करूनच घडी घालावी

तंबूच्या पिशवीवर आईचं अक्षर आहे,
काळ्या मार्करनं, उजवीकडे उतरत गेलेलं:
कोरडा करूनच घडी घालावी. खुंट्या अकरा. मोजाव्या.
आम्ही मोजल्या. नऊ.
ग्लेन्डा म्हणाली, दोन तुझ्याकडेच राहिल्या असणार, त्या वर्षी.
कुठल्या वर्षी, ते मी विचारलं नाही.

सतरा नंबरची जागा.
तळं चाळीस पावलांवर, नळ त्याहून लांब,
आणि संडासाचा दिवा, रात्रभर पतंग गोळा करणारा,
एका जाड हेमलॉकच्या आड.
आईनं ही जागा कधी बदलली नाही.
खाणीच्या गावातून वर यायला तीन तास,
वाटेत पंपावर पेपरोनी भरलेले पाव,
तेल कागदातून मांडीवर उतरायचं.
बाबा एकदाही आले नाहीत. म्हणायचे,
आठवडाभर जमिनीच्या पोटात असतो,
सुट्टीत तिच्या पाठीवर कशाला झोपू?

स्टिडमकाका लाल गाडीतून लाकडं विकत फिरतात.
बाहेरचं लाकूड नाही ना आणलं? त्यातनं कीड येते.
अस्वल आहे यंदा, एका पायानं लंगडं.
मधाला विचारत नाही, टूथपेस्ट मात्र सोडत नाही.
मग पिशवीकडे बघत राहिले जरा.
दोघीच? म्हणाले.
दोघीच, ग्लेन्डा म्हणाली.
सहा डॉलरची मोळी त्यांनी ठेवली,
पैसे घ्यायचे विसरले, किंवा विसरले नाहीत.

दुपारी, झाडांवरच्या पिवळ्या पट्ट्यांमागे चालत
फाट्यावर आलो आणि तिथेच भांडलो.
आई नेहमी डावीकडे जायची, टेहळणीच्या मनोऱ्याकडे.
नाही, उजवीकडे, तळ्याला वळसा घालून,
त्या सपाट दगडावर बूट काढून बसायची.
आईनं बूट काढले? कधी?
आमच्यात नऊ वर्षांचं अंतर.
तिची आई चढायची,
माझ्या वेळेपर्यंत तिचे गुडघे गेले होते.
एवढं साधं गणित, आम्ही
रोडोडेंड्रॉनच्या जाळीत उभ्या राहून
अर्धा तास मांडत होतो.
शेवटी कुठेच गेलो नाही. मागे फिरलो.

रात्री घुबड बोललं.
इथल्या माणसांना त्याच्या आवाजात शब्द ऐकू येतात:
तुला रांधून घालतं कोण? तुला रांधून घालतं कोण?
लहानपणी आम्ही स्लीपिंग बॅगमधून ओरडायचो,
आईऽ! आणि बाहेर निखाऱ्यांवर
फॉइलमधले बटाटे उलटताना ती म्हणायची,
सांगा त्याला, आज शिल्लक नाही काही.
आता ते तीनदा विचारून थांबलं.
ग्लेन्डाचा श्वासही थांबलेला मला कळला.
अंधारात ती म्हणाली,
गेले दोन महिने मी सीरिअलवर आहे.
मी म्हटलं, मी पण.
आणि आम्ही हसलो, तंबू हलेपर्यंत,
शेजारच्या जागेवरून कुणीतरी टॉर्च मारेपर्यंत.

पहाटे पाऊस. आईनं चिकटपट्टी लावलेला कोपरा
ठेवला तसा कोरडा.
गळलं ते दुसरीकडूनच, माझ्या डोक्याशी.

अकराला जागा सोडायची. तंबू चिंब.
पिशवी समोर, तिच्यावरचा तो हुकूम.
गाडीत कोंबू, घरी वाळवू, मी म्हटलं.
ग्लेन्डा नुसती बघत राहिली माझ्याकडे,
हुबेहूब तशी.
स्टिडमकाकांनी त्यांच्या घरगाडीपासून
विजेच्या खांबापर्यंत दोरी बांधून दिली
आणि काही न विचारता कॉफी आणली, कपावर ट्रॅक्टर.
तंबू टपटपत राहिला.
तळ्यावर धुकं, मग होडी, मग नुसतं तळं.

तोवर सतरावर नवं कुटुंब आलं होतं.
त्यांचा मुलगा धावत आला, मातीनं भरलेली मूठ पुढे केली:
तुमची का ही? आमची खुंटी ठोकताना लागली.
गंजलेली, मान वाकलेली.
दहा, मी म्हटलं.

ग्लेन्डानं पर्समधून पेन काढलं,
पिशवीवरच्या अकरापाशी नेलं,
मग टोपण लावून ठेवून दिलं.
कापडाला हात लावून बघितलं.
अजून थोडं, म्हणाली.
शिवणी ओल्या आहेत.