मुशीर साहेबांचं माप

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
पाटीवर तीन भाषांत 'लष्करी गणवेश',
आत गळक्या एसीखाली एक बादली.
हवालदाराच्या फिती मी झोपेतही शिवतो,
कर्नलचे तारे हाताला पाठ आहेत,
पण मुशीर म्हणजे काय, ते सियालकोटच्या इफ्तिखारभाईंनी सांगितलं:
"त्याच्या वर कुणीच नाही.
सॅल्यूट ठोकायला माणूस उरत नाही बिचाऱ्याला."

कुठल्या देशाचे, ते विचारायचं नव्हतं.
अल खानचा बंगला, पडदे ओढलेले,
आणि मधोमध बनियनवर उभे एक म्हातारे गृहस्थ.
मानेवर पांढरी लव,
पायांत बाथरूमच्या सपाता.

"हात वर करा," मी म्हणालो.
छातीचं माप घ्यायचं तर असंच म्हणावं लागतं.
त्यांनी केले.
दारातल्या अंगरक्षकाने नजर फरशीवर नेली.
टेप पाठीमागून फिरवून आणेपर्यंत
मी श्वास घेतला नाही, त्यांनीही नाही.

डावा खांदा उजव्याहून पाऊण इंच खाली.
वहीत लिहिलं, बोललो नाही.
आधी फीत, मग तारा, मग तलवारी,
पन्नास वर्षांचं ओझं असेल, असं मनात आलं.
पण माझ्या बापाचाही डावा खांदा असाच होता,
आणि तो गुहागरात टपाल वाटायचा.

"आतून एक खिसा," ते मोडक्या हिंदीत म्हणाले,
"गोळीपुरता. बाहेरून दिसायला नको."

अकरा रात्री जरीकाम केलं.
खाली पिवळा दोरा नीट भरला
की वरचं सोनं फुगून दिसतं.
हुद्दा म्हणजे भरणी, असं इफ्तिखारभाई म्हणतात
आणि चहा मागवतात.
डाव्या खांद्यात मी कापसाचे तीन थर घातले,
पाऊण इंच, कुणी न सांगता.

फिटिंगला आरशात दोन्ही खांदे एका रेषेत.
ते पाहत राहिले. मग दोन बोटांनी डावा चाचपला,
जसा आपण आंबा चाचपतो.
"मास्तर, कापूस काढा."

आवाज चढवला नाही.
त्या वर्षात कुणी ऐकलेला
तो त्यांचा एकुलता हुकूम असावा.

तिथेच, खाली बसून, मी टाके उसवले.
खांदा आपल्या जागी उतरला.
खिसा मात्र त्यांनी राहू दिला.

तो कापूस अजून खणात आहे.
मशीनचं तेल पुसायला बरा पडतो.