रेडिओचा आवाज कमी करा

रात्री दहा वीसची शेवटची गाडी.
ग्रंथालयाचे दिवे विझतात आणि आम्ही चौदा जण
वाऱ्यात खांदा खुपसून तिच्या दारापर्यंत येतो.
या शहराच्या नव्या नावात, पहिल्याच अक्षराला,
जीभ टाळूवर आपटावी लागते.
जुनं नाव सोपं होतं.
वारा दोन्ही नावांना तोच.

गाडी विद्यापीठाची. तिसऱ्या सीटची स्प्रिंग
आता ओळखीची झालेली.
रेडिओ मात्र ताता झांदिसिलेचा स्वतःचा,
डॅशबोर्डवर काळ्या टेपने बांधलेला,
आणि रेडिओवर मोंदे, आपल्याच वस्तीचं स्टेशन,
टेकडीमागे गेलं की खरखरणारं.

आधी सूचना:
कुणाचं ओळखपत्र टॅक्सीत सापडलंय,
क्वाझाखेलेत उद्या नऊ ते चार पाणी नाही,
एक आजोबा गेले, शनिवारी माती, मंडप हवाय.
मग जॅझ.
मध्ये काही नाही. माती आणि जॅझ, एकाच श्वासात.

लिन्डेल्वा म्हणते, हे म्हाताऱ्यांचं संगीत.
तिच्या कानात दुसरंच काही असतं,
बोटं मात्र ताताच्या ड्रमवर.
तिला हे सांगू नये.

ताता वाजवत नाही. एकदा विचारलं
तर दुखावल्यासारखा म्हणाला, "मी ऐकतो."
जसं कुणी म्हणावं, मी सुतार आहे.
रविवारी त्यांचा क्लब भरतो कुणाच्या तरी गॅरेजात:
दोनरंगी बूट, हॅट, काखेत आपापली रेकॉर्ड.
गाणं चालू असताना बोलायचं नाही.
सोलो पटला तर उठून एकट्यानं नाचायचं,
शेजाऱ्याचा पाय सांभाळून.

त्या मंगळवारी मोंदे म्हणाला, "हा ट्रम्पेट ऐकलात..."
आणि ताताने गाडी बाजूला घेतली.
हँडब्रेक. फोन.
"चूक," तो म्हणाला. आम्हाला नाही, फोनला.
आणि रेडिओतून त्याचाच आवाज आला, "चूक,"
दीड सेकंद उशिरा, जरा मोठ्या माणसाचा.
"ताता, आधी रेडिओचा आवाज कमी करा,"
मोंदेला दोनदा सांगावं लागलं.
"ते फ्लूगलहॉर्न. ट्रम्पेट त्याला जमत नव्हतं त्या वर्षी,
पुढचा दात गेला होता.
न्यू ब्राइटनचा हॉल, दुसरी रांग.
दाताची फट मी स्वतः पाहिलीय."
मागून रुशिन ओरडला,
"ताता, माझा उद्या आठला पेपर आहे!"
तेही गेलं हवेवर.
ज्यांचा ज्यांचा रेडिओ चालू होता
त्या सगळ्यांना कळलं. सांख्यिकी.
मोंदेने त्याला शुभेच्छा दिल्या
आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली,
पहिल्यापासून, वाद्याचं नाव सुधारून.

सात मिनिटं चाळीस सेकंद.
कुणी उतरलं नाही. उतरून जाणार कुठे, म्हणा.
समुद्र डावीकडे होता, दिसत नव्हता,
काच थरथरत होती
आणि जुळ्यांतला कोण कुठला ते एक दिवस
एकदम कळावं, आणि मग कधीच चुकू नये,
तसं ते फ्लूगलहॉर्न आम्हाला कळलं.

वाहतूक कार्यालयातही रेडिओ असतो
हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आता एक तरुण ड्रायव्हर आहे. वेळेवर येतो.
पट्टा लावायला सांगतो.
डॅशबोर्डवर टेपचा चिकट चौकोन, त्याला धूळ बसलीय.
रुशिन पास झाला. बावन्न.

मंगळवारी मी एका कानात स्टेशन लावते,
दुसरा कान गाडीसाठी मोकळा.
टेकडीमागे खरखर. मग मोंदे, "लाईनवर कोण?"
"चूक," तो म्हणतो.
आवाज कमी करा असं आता त्याला सांगावं लागत नाही.
त्याच्या मागे किटली उकळत असते.
मी हसले असणार,
कारण लिन्डेल्वा कानातलं काढते
आणि विचारते,
"काय चुकलं आज?"