कोपरा

एकटा होतो तेव्हा हिशेब सोपा होता.
एक बादली, रबराची एक पट्टी,
मेव्हण्याकडून मागून आणलेली शिडी
आणि वास्कोभर काचा.
बंदराकडून कोळशाची पूड यायची,
मी पुसायचो, ती परत यायची.
माझं पोट तिच्या परत येण्यावर होतं.

मग बायनाची ती आठ मजली इमारत मिळाली
आणि हात मोजले तर दोनच निघाले.

बसप्पा आला गदगहून,
उंचीला न भिणारा, सोमवारी न उगवणारा.
मिंगेल आला जहाजावरची नोकरी सोडून.
पात्रांव, म्हणाला पहिल्याच दिवशी,
आणि मी मागे वळून पाहिलं
कोण आलंय ते.

शिकवलं दोघांना.
पट्टी वरून खाली, एका दमात, मध्ये उचलायची नाही.
आणि कोपऱ्यात ती पोचत नाही हे कबूल करायचं.
तिथं बोटाला फडकं गुंडाळायचं,
देव्हाऱ्यातले देव पुसतो तसं
सावकाश.

आता माझी बोटं कोरडी असतात.
पगार सात तारखेला, हॉटेलवाल्याचं बिल नव्वद दिवसांनी,
मधल्या दिवसांत मी बायकोच्या बांगड्यांकडे बघत नाही.
दोर नवे घेतले, विमा काढला,
तरी दुपारी जेवताना फोन ताटाशेजारीच.
आठव्या मजल्यावर कुणीतरी माझ्या नावानं लटकलेलं असतं.

दोना पावलच्या बाई फोटो पाठवतात,
उन्हात दिसणाऱ्या एका ओघळाभोवती लाल गोल.
तुम्ही स्वतः यायचात तेव्हा असं नव्हतं हो.
होतं, बाई.
तेव्हा तुमच्या फोनला असा कॅमेरा नव्हता.

कार्निव्हलनंतर मिंगेल गेला.
सोबत तीन गिऱ्हाइकं नेली
आणि ती शिडी.
गिऱ्हाइकांचं एक वेळ समजू शकतो.
शिडी मागितली असती तर दिली असती,
निदान मेव्हण्याला काय सांगायचं ते तरी ठरवलं असतं.

काल स्वतंत्र पथावर
चष्म्याच्या दुकानापाशी थांबलो. त्या तिघांतलं एक.
ऊन काचेवर अगदी आडवं आलेलं,
चुका शोधायला याहून बरी वेळ नाही.
भांडण उकरायला वाकावं तसा वाकलो
खालच्या डाव्या कोपऱ्याशी.

स्वच्छ.
रबराची रेघ नाही, पाण्याचा थेंब नाही,
बोट तिथपर्यंत नीट गेलेलं.

आतून दुकानदारानं खुर्ची पुढे ओढली,
बसा, नंबर तपासून देतो.
नको म्हणालो, दिसतंय चांगलं.
आणि तिथंच उभा राहिलो,
माझ्याच हाताखाली शिकलेल्या काचेत
माझं तोंड बघत,
रागवावं की कसं ते न कळून.

खिशात फोन वाजला.
बसप्पा.
उद्या सोमवार.