तागडी

शनिवारचा बाजार, खडेबाजारच्या तोंडाला
निंगव्वा रताळ्यांवरची लाल माती पदरानं पुसत होती.
अनगोळचे एक मास्तर म्हणाले, "चाळीस."
ती म्हणाली, "ऐवत्तु."
मी बटण दाबलं.

फोटोत तिचं तोंड उघडं आहे.
मास्तरांचा हात पिशवीत अर्धा,
मागे सायकलचं नुसतं चाक,
आणि एक पोरगा, कुल्फी कोपरापर्यंत ओघळलेली.
आवाज काही आला नाही.
ते उघडं तोंड कन्नड की मराठी,
कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही.

पुढच्या शनिवारी प्रिंट नेऊन दिली.
स्वतःकडे तिनं बघितलंच नाही.
"हे काय ओ? तागडी वाकडी आलीया की!
लोक म्हणतील, निंगव्वा मापात मारते.
दुसरा काढा."

मग वजनं मांडली, काटा बोटानं थांबवला.
डोईवरचा पदर सारखा केला.
मध्ये आलेल्या पोराला "होगो!" म्हणून हाकललं
आणि तोंड मिटून, श्वास धरून
बघत राहिली माझ्याकडे
आधार कार्डाला बसल्यासारखी.

तोच आता तिच्या छत्रीच्या दांड्याला
प्लास्टिकमध्ये बांधलेला असतो.
दोन्ही पारडी सरळ. तसूभर इकडंतिकडं नाही.
गिऱ्हाईक बघतं, मान डोलावतं.

पहिला माझ्या खणात.
काल सहज भिंग लावून बघितला:
खाली गेलंय ते मालाचं पारडं.
भाव ठरायचा होता अजून,
आणि वर एक रताळं
जास्तीचं.