तिसऱ्या रांगेतलं हसू

स्कारबरोत आईला मिसेस हॉक्सबी म्हणून
कुणीच हाक मारत नसे.
ती मिसेस पिंचबेक,
कारण बाबा दर शुक्रवारी साडेआठला
टीव्हीवर पिंचबेक असायचे,
अंत्यविधीच्या दुकानातले मदतनीस,
गळ्यात मोजपट्टी, डोक्यावर एक नंबर मोठी हॅट,
आणि दारात उभं राहून तेच वाक्य :
"नुसतं माप घ्यायला आलोय, बाई. घाई नाही."
की हशा पिकायचा.
सात वर्षं पिकत होता.

घरी हा गृहस्थ विनोदाला शिवायचा नाही.
गॅसचं बिल दोनदा तपासायचा,
शर्टांना स्वतः इस्त्री,
आणि जेवताना आम्ही हसलो तर मान वर करून बघायचा
नेमक्या कुठल्या शब्दाला.

शाळेत पोरं माझ्या पाठीला टेप लावून उंची मोजायची.
मी विचारलं, तुम्ही दुसरं काही का नाही होत?
होईन की, म्हणाले,
आणि झाले : एका गंभीर सिनेमात
खाणीत गाडला गेलेला बाप.
अकराव्या मिनिटाला मेले.
हलच्या थिएटरात लोक पोट धरून हसले.
बाबा शेवटच्या नावापर्यंत बसले, मांडीवर कोटाची घडी,
मग बाहेर येऊन आम्हा तिघांना चिप्स घेतल्या
आणि व्हिनेगर ओतत राहिले
कागद फाटेपर्यंत.

आई दर रविवारी चित्रीकरणाला लीड्सला जायची,
बसने, अंड्याची सँडविचं घेऊन.
तिसरी रांग, डावीकडची खुर्ची.
तिचा उजवा कान अधू,
शेजारची बाई हसली की हिला कळायचं
काहीतरी होऊन गेलं.
सगळ्यांचं हसून संपल्यावर
एक हसू मागून यायचं, धापा टाकत,
निघालेल्या बसचा दांडा धरल्यासारखं.
दिग्दर्शक वैतागायचा.
बाबा मात्र पुढचं वाक्य
तेवढं अडवून धरायचे, ती चढेपर्यंत.
पेपरात छापून यायचं :
काय टायमिंग आहे या माणसाचं!

मग मालिका आटपली.
हिवाळ्यात पँटोमाइम, झगा घालून म्हातारी,
उन्हाळ्यात धक्क्यावर बिंगोचे आकडे,
एका जाहिरातीत नुसता आवाज, तोही बटाट्याचा.

आई गेली मार्चमध्ये, भरतीच्या वेळी.
माप घ्यायला आलेला मुलगा विशीतला.
दार बाबांनीच उघडलं.
त्यानं ओळखलं. हातात पट्टी.
दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना,
आणि ते वाक्य मधोमध
ओल्या कुत्र्यासारखं,
आत घ्यावं की हाकलावं.
शेवटी बाबा म्हणाले,
"जिना चढून डावीकडे. बूट पूस."

आता दुपारी दोनला जुने भाग लागतात.
बाबा आवाज मोठा ठेवतात आणि डोळे मिटतात.
स्वतःचं तोंड त्यांना बघवत नाही.
हशा उसळतो, ओसरतो,
खोलीत काही नाही, फक्त खिडकीवर समुद्री पक्ष्याची नखं,
मग ती येते.
बाबा मान हलवतात, "चढली."

मागच्या आठवड्यात चुकून दुसराच चॅनेल लागला.
दुसरीच मालिका, बरीच नंतरची,
केळ्यावरून घसरणारा कुणी पाद्री,
आणि टेपमधून काढून डकवलेल्या हशाच्या शेपटीला
तेच, धापा टाकत.

"एनिड! ह्याला? ह्या टुकार माणसाला हसलीस?"
दोन दिवस जेवले नाहीत धड.
मी समजावलं, बाबा, स्टुडिओवाले हसू साठवून ठेवतात,
कुठेही लावतात, त्यात तिचा काय दोष.
"विचारायचं तरी मला," म्हणाले,
आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.
घसा खाकरून, अगदी कामाचं बोलल्यासारखं :
"तो पाद्री...
पुन्हा कधी घसरतो गं?"